घरच्या सॉकेटवरून ग्रिडची फ्रिक्वेन्सी मोजणं: हर्ट्झच्या हजाराव्या भागापर्यंत कसं पोचायचं

व्होल्टेज गावचं असतं, फ्रिक्वेन्सी देशाची. चिपळुणात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात तारेवर फांदी टेकली, पलीकडच्या डीपीवर लोड वाढला, की आमच्याकडचे २३० व्होल्ट १९० वर येतात आणि पुढच्या वाडीत काहीच फरक पडत नाही. फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे विजेची लाट सेकंदाला किती फेरे घेते त्याचं, तसं नाही. माझ्या टेबलावरच्या सॉकेटमध्ये जी फ्रिक्वेन्सी आहे, जवळजवळ तीच गुवाहाटीत आहे आणि कोचीतही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली, दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांचं जाळं, बाकी देशाला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून देशभरातली जनित्रं एका तालात फिरतात.

मागणी वाढली की हा ताल किंचित मंदावतो, घटली की किंचित चढतो. म्हणून फ्रिक्वेन्सी बघणं म्हणजे देशातल्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा काटा बघणं. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशभर ९ मिनिटं दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटनं खाली आली. जलविद्युत केंद्रांनी झपाट्यानं लोड उतरवून परत चढवला, आणि त्या सगळ्या काळात फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या आत राहिली. हे सगळं आपल्या घरच्या सॉकेटवर आलेलं होतं. ज्याच्याकडे मोजायची सोय होती, त्याला ते दिसलं.

मोजायचं किती बारीक? आपल्याकडे फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. म्हणजे रोजचा बहुतेक खेळ १५० मिलिहर्ट्झच्या आतला. साधा मल्टिमीटर ४९.९ किंवा ५०.० दाखवतो. त्यात सगळी गोष्टच बुडते. निदान १ मिलिहर्ट्झ, म्हणजे हर्ट्झचा हजारावा भाग, दिसला पाहिजे.

आता एक भागाकार करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ५० हर्ट्झमध्ये १ मिलिहर्ट्झ म्हणजे दहा लाखात २० भाग. फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला किती फेरे, तेव्हा तुमचा सेकंदच दहा लाखात २० भागांनी चुकला, तर जगातलं कुठलंही गणित तुम्हाला वाचवणार नाही. आपण विजेची लाट कॉम्प्युटरच्या साउंड कार्डातून आवाजासारखी रेकॉर्ड करून मोजणार आहोत, आणि साध्या साउंड कार्डाचा स्फटिक, म्हणजे त्याचं आतलं घड्याळ, सहज ३०–५० भाग चुकलेला असतो. लोक चांगलं सूत्र शोधण्यात महिना घालवतात आणि घड्याळाकडे बघतही नाहीत. मीही तेच केलं होतं.

जोडणी

साउंड कार्डाला २३० व्होल्ट कधीही थेट द्यायचे नाहीत. मोठे रेझिस्टर लावून "उतरवून" तर मुळीच नाही, कारण मग लॅपटॉपची बॉडी थेट मेनशी जोडली जाते आणि एक रेझिस्टर शॉर्ट झाला की जिवावर बेततं. मधे ट्रान्सफॉर्मर हवाच. २३० ते ६ व्होल्टचा छोटा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घ्या. मोबाइलचा चार्जर चालत नाही, त्यातून डीसी बाहेर येतो आणि लाट आतच संपते. प्रायमरीला, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, १०० मिलिअँपचा काचेचा फ्यूज लावा, सगळं झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बसवा, आणि प्रायमरीचे जोड उघडे ठेवू नका. कोकणातल्या दमट हवेत उघड्या जोडावर दोन पावसाळ्यांत हिरवट थर चढतो.

सेकंडरीवर, म्हणजे ६ व्होल्टच्या बाजूला, १० किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडा, आणि ४७० च्या दोन टोकांवरून सिग्नल घ्या. कार्ड यूएसबीचं आणि स्टिरिओ लाइन-इन असलेलं हवं. डावा चॅनेल विजेला, उजवा घड्याळासाठी राखून ठेवायचा. कार्डात घालण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून बघा. ०.२७ ते ०.३४ व्होल्ट यायला हवेत, कारण लोड नसताना छोटे ट्रान्सफॉर्मर ६ ऐवजी सात-साडेसात व्होल्टही देतात. लॅपटॉपच्या माइकलाच जोडायचं असेल तर ४७० च्या जागी १०० ओहम लावा आणि माइक बूस्ट बंद करा. माइकला मात्र बहुधा एकच चॅनेल असतो.

रेकॉर्डिंगची सेटिंग थोडक्यात: ४८,००० सॅम्पल (लाटेच्या उंचीच्या नोंदी) प्रति सेकंद, १६ बिट. आवाज आपोआप लहानमोठा करणारी आणि गोंगाट कमी करणारी सगळी सोय बंद. फाइल वेव्हमध्ये, एमपीथ्रीत नाही. लाटेची टोकं कापली जात नाहीत ना, ते ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मोठं करून एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

आणि तो सॉकेट इन्व्हर्टरवरचा नाही, याची खात्री करा. आलेख एकदम रुळासारखा सरळ झाला तर समजायचं, लाईट गेली आहे आणि तुम्ही इन्व्हर्टरचा स्फटिक मोजताय.

गणित

सगळ्यात सोपी रीत म्हणजे लाट शून्यातून वर कधी जाते ते मोजणं. एका सेकंदात ५० फेरे. सुरुवात आणि शेवट एकेका सॅम्पलनं, म्हणजे सुमारे २१ मायक्रोसेकंदांनी चुकला, तरी दर चुकीमागे १ मिलिहर्ट्झचाच फरक. शून्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सॅम्पल सरळ रेषेनं जोडून नेमका क्षण काढला, तर त्याहून बरंच बारीक जाता येतं. अडचण अशी की या रीतीत फक्त शून्याजवळची दोन-चार सॅम्पल कामाला येतात, बाकीची साडेनऊशे वाया. त्यात एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यामुळे लाट शून्यापाशी वेडीवाकडी झालेली असते.

एफएफटीची, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या खणांत वाटणाऱ्या गणिताची, रीतही चालते, पण १ सेकंदाच्या तुकड्यात तिच्या दोन खणांमधलं अंतर १ हर्ट्झ असतं. हॅन विंडो लावून, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणून, शिखराच्या शेजारचे खण घेऊन मधली जागा काढता येते. एकदाच मोजून बघायचं असेल तर पुरे. रात्रंदिवस नोंद ठेवायला मला पुढची रीत आवडते, कारण ती प्रत्येक सॅम्पल वापरते आणि चूक झाली तर कुठे झाली ते दाखवते.

एका अंगणात दोन माणसं गोल फिरताहेत असं धरा. एक बरोबर ५० च्या वेगानं फिरतो, हा आपला. दुसरा ग्रिडचा. आपल्या माणसाच्या खांद्यावर बसून बघितलं तर ग्रिडचा माणूस जवळजवळ स्थिर दिसतो, फक्त हळूहळू पुढे किंवा मागे सरकतो. ते सरकणं मोजायचं. ग्रिड ५०.०२० असेल तर दर सेकंदाला ७.२ अंश पुढे. १ मिलिहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ०.३६ अंश.

करायचं असं. ४८,००० ला ५० नी भागलं की ९६०, म्हणजे आपल्या माणसाचा एक फेरा बरोबर ९६० सॅम्पलचा. कोसाइन आणि उणे साइन यांची ९६० आकड्यांची दोन कोष्टकं एकदाच बनवा आणि फिरवत राहा. वेळेचा आकडा वाढवत नेऊन दर वेळी साइन काढू नका. ३२ बिटच्या दशांशात तो आकडा तासाभरात इतका मोठा होतो की बारीक भाग गळून पडतो. कोष्टक दहा वर्षं फिरलं तरी चुकत नाही.

येणारं प्रत्येक सॅम्पल दोन्ही कोष्टकांनी गुणा. आकड्यांचे दोन प्रवाह मिळतील. प्रत्येकाची ४८०० सॅम्पलची चालती सरासरी घ्या, म्हणजे ०.१ सेकंदाची. हा आकडा मुद्दाम निवडलाय. ०.१ सेकंदाची सरासरी १० हर्ट्झच्या प्रत्येक पटीला शून्य करते. गुणाकारामुळे तयार झालेला १०० हर्ट्झचा भाग, तिसऱ्या-पाचव्या हार्मोनिकचे, म्हणजे ५० च्या तिप्पट-पाचपट फ्रिक्वेन्सीच्या लाटांचे, तुकडे, साउंड कार्डाचा डीसी, हे सगळं नेमकं ५० च्या पटींवर येऊन बसतं आणि पुसलं जातं. ग्रिड तंतोतंत ५० वर नसल्यामुळे थोडा अंश उरतो. ४९.९५ ला तो साधारण दोन हजारात एक भाग असतो. तोही नको म्हणून तीच सरासरी पुन्हा एकदा घ्या, की उरलेल्याचा वर्ग होऊन तो नाहीसा होतो.

आता दर ०.१ सेकंदाला दोन्ही प्रवाहांतून एकेक आकडा उचला आणि दोन आकड्यांचा आर्कटॅन्जेंट घेऊन कोन काढा. दोन्हींची चिन्हं बघून चारही चरणांत बरोबर उत्तर देणारा आर्कटॅन्जेंट वापरा, पायथन भाषेच्या नमपाय या गणिताच्या संचात तो तयार आहे. कोन १८० वरून उणे १८० वर उडी मारेल तिथे ३६० मिळवून किंवा वजा करून तो सलग करा. असे लागोपाठचे ११ कोन, म्हणजे १ सेकंद, घेऊन त्यांतून सरळ रेषा बसवा. रेषेचा उतार अंश प्रति सेकंद असेल तर ३६० नी भागा, त्यात ५० मिळवा. झाली फ्रिक्वेन्सी.

एका सेकंदाऐवजी दोन सेकंदांची रेषा घेतली तर गोंगाटामुळे येणारी चूक निम्मी नाही, जवळपास २.८ पटीनं कमी होते. मोह होतो खिडकी, म्हणजे रेषेचा काळ, वाढवत न्यायचा. पण मोठं जनित्र अचानक ग्रिडपासून सुटलं तर फ्रिक्वेन्सी काही सेकंदांत खाली येते, आणि दहा सेकंदांच्या खिडकीत ती घसरण विरघळून जाते. मी १ सेकंदावर थांबलोय.

सॉकेटला काहीही जोडण्याआधी हे गणित खोट्या सिग्नलवर तपासा. कॉम्प्युटरनंच ४९.९७३ हर्ट्झची लाट बनवा, तिच्यात तिसरं हार्मोनिक ५ टक्के, पाचवं ३ टक्के आणि १ टक्का गोंगाट घाला. दर सेकंदाचं उत्तर ४९.९७३ पासून ०.१–०.२ मिलिहर्ट्झच्या आत यायला हवं. येत नसेल तर चूक प्रोग्रॅममध्ये आहे, विजेत नाही.

घड्याळ

गणित इतकं बारीक बसल्यावर राहतो तो सेकंद.

माझं यंत्र आधी दुकानातच टेबलावर असायचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, त्यानंतर मी सगळं सामान माळ्यावर नेलं, सिमेंटच्या पत्र्याखाली. काही महिन्यांनी दुसरं कार्ड विकत घेतलं, ते खाली ठेवलं आणि दोन्ही एकाच फेजवर जोडली. दोघांच्या आकड्यांची वजाबाकी केली, की ग्रिड आपोआप कटतं आणि उरतो तो फक्त यंत्रांचा फरक. तो फरक ठराविक असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. सकाळी एक, दुपारी दुसरा, रात्री परत सकाळच्यासारखा. ढगाळ दिवशी जवळजवळ सपाट. दोन दिवस मी प्रोग्रॅम तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावर चढलो, कार्डाला हात लावला आणि कळलं. डबा तापलेला होता. मी इतके महिने ग्रिडच्या नोंदीत पत्र्याचं ऊन मिसळत होतो.

तेव्हा कार्डाचा खरा दर मोजायचा, आणि एकदा नाही, सतत. त्यासाठी उजव्या चॅनेलला जीपीएस मॉड्यूल. बाजारात मिळणाऱ्या छोट्या मॉड्यूलपैकी पीपीएसची (पल्स पर सेकंड) पिन बाहेर काढलेलं घ्या. उपग्रह सापडले की त्या पिनवर दर सेकंदाला एक टिचकी येते, आणि ती मायक्रोसेकंदाच्याही खाली अचूक असते. ३.३ व्होल्टची टिचकी १० किलोओहम आणि १ किलोओहममधून ०.३ व्होल्टवर आणा. ॲन्टेना खिडकीत ठेवा, आकाश दिसायला हवं.

रेकॉर्डिंगमध्ये टिचकी चौकोनी दिसणार नाही, कारण कार्ड डीसी अडवतं. आधी एक टोकदार उभी चढण, मग उतार, आणि टिचकी संपताना खाली जाणारं दुसरं टोक. फक्त वर जाणारं टोक धरा, त्याच्या निम्म्या उंचीचा क्षण दोन सॅम्पलमधून काढा. मग १००० टिचक्यांमध्ये किती सॅम्पल बसली ते मोजा. एका सॅम्पलची चूक झाली तरी ती पाच कोटींत एक.

समजा ४,८०,०१,६८० सॅम्पल आली. म्हणजे तुमचं कार्ड ४८,००० नाही, ४८,००१.६८ नं चालतंय. दहा लाखात ३५ भाग जास्त. ग्रिड बरोबर ५०.००० वर असेल तेव्हा न दुरुस्त केलेलं यंत्र ४९.९९८२५ सांगेल. दुरुस्ती सोपी आहे. वरचं सगळं गणित ४८,००० धरूनच करा, आणि शेवटच्या उत्तराला खऱ्या दरानं गुणून ४८,००० नी भागा. हा दर मी सतत मागच्या १००० सेकंदांवरून काढतो, त्यामुळे पत्रा तापला तरी आता फरक पडत नाही.

जीपीएस नको असेल तर इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या कॉम्प्युटरवर २४ तास सलग रेकॉर्ड करा आणि एकूण सॅम्पलना एकूण सेकंदांनी भागा. सुरुवात-शेवट मिळून १० मिलिसेकंदांची चूक झाली तरी ती दहा लाखात ०.१२ भाग, म्हणजे नगण्य. तापमानाचा दिवसभराचा फेरा मात्र यात सरासरी होऊन लपतो. तेव्हा कार्ड गार, सावलीच्या जागी ठेवा.

खोटे झटके ओळखणं

आठवडाभरात तुम्हाला आलेखावर काटे दिसतील. त्यातले बहुतेक ग्रिडचे नसतात.

पहिला चोर म्हणजे हरवलेली सॅम्पल. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात अडकला की एखादा तुकडा गळतो. ४८० सॅम्पल गळली तर १० मिलिसेकंद गेले, म्हणजे अर्धा फेरा, म्हणजे कोनात १८० अंशांची उडी. सेकंदाच्या रेषेत तो पाऊण हर्ट्झपर्यंतचा काटा दिसतो. ओळख अशी की काट्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा सारखाच असतो, आणि त्याच क्षणी दोन्ही प्रवाहांच्या वर्गांच्या बेरजेवरून काढलेली लाटेची उंची खड्ड्यात जाते. जीपीएस जोडलेलं असेल तर तेवढ्या सेकंदात सॅम्पलही कमी भरतात. खोट्या सिग्नलमधून मुद्दाम ४८० सॅम्पल काढून हा काटा एकदा बघून ठेवा, पुन्हा फसणार नाही.

दुसरा चोर शेजारचा. आमच्या डीपीवर भाताची गिरणी आहे. तिची मोटार सुरू होताना लाईनमधून मोठा करंट जातो आणि आमच्या सॉकेटवरच्या लाटेचा कोन साधारण अंशभर सरकतो. वेग तोच, फक्त जागा सरकली. पण आपलं गणित त्याला वेग समजतं आणि ४ मिलिहर्ट्झचा काटा काढतं. मोटार वेगात आली की कोन परत येतो आणि उलट दिशेचा काटा उठतो. असे जोडीनं आलेले काटे, आणि सोबत व्होल्टेजची घसरण, दिसली की ती गिरणी. मी ते पुसत नाही, बाजूला खूण करून ठेवतो. दिवाळीच्या आधी गिरणी किती वेळ चालली तेही त्यावरून कळतं.

खरी घटना वेगळी दिसते. इतकी हजारो टनांची फिरती चाकं एका क्षणात मंदावू शकत नाहीत. आकडा काही सेकंद उतरत जातो, थोडा सावरतो आणि मग पहिल्यापेक्षा खाली काही वेळ टिकतो. व्होल्टेजवर तेव्हा बहुधा काहीच दिसत नाही. पंधरा मिनिटांच्या टोकांवरही नीट लक्ष ठेवा. वीजकेंद्रांचं वेळापत्रक १५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत आखलेलं असतं, आणि तुकडा बदलताना आलेखाला अनेकदा पायरी पडते.

संध्याकाळी मला हे बघायला फार आवडतं. मागणी चढायला लागते, आलेख वाकतो, मग सावरतो. इथून जवळच पोफळी आणि अलोऱ्याला कोयनेची यंत्रं आहेत. चारही टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. तिथलं पाणी टर्बाइन फिरवून वाशिष्ठीत उतरतं आणि आमच्या पुलाखालून दाभोळच्या खाडीकडे जातं. भर उन्हाळ्यात पाऊस नसताना नदीचं पाणी चढलेलं दिसलं, की वर यंत्रं चालू आहेत हे चिपळुणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

नोंद आणि पडताळणी

दर सेकंदाला एक ओळ: भारतीय वेळ, फ्रिक्वेन्सी, लाटेची उंची, कार्डाचा त्या वेळचा दर, खूण. दिवसाच्या ८६,४०० ओळी, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरलाही सहज झेपतात. ग्रिड इंडिया आणि ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र फ्रिक्वेन्सी आपापल्या संकेतस्थळावर दाखवतात. त्यांच्याशी ताडून बघा, पण त्यांचे आकडे दोनच दशांशांचे आणि थोडे उशिरा आलेले असू शकतात. तेव्हा त्यावरून एवढंच ठरवा, की आपलं काही ढोबळ चुकलेलं नाही. मिलिहर्ट्झची खात्री दुसऱ्या यंत्राशी वजाबाकी करूनच होते.

दुसरं यंत्र दुसऱ्या गावात ठेवलंत तर आणखी एक दार उघडतं. दोन्हीकडे जीपीएसची टिचकी असेल, तर नुसता वेग नाही, कोनही जुळवून बघता येतो. ५० हर्ट्झला १ मायक्रोसेकंद म्हणजे ०.०१८ अंश, तेव्हा टिचकीची अचूकता भरपूर आहे. दोन गावांच्या कोनांतला फरक त्यांच्यामधल्या लाईनवरून वीज किती आणि कुठल्या दिशेला वाहतेय, त्यानुसार हलतो. मी सध्या गुहागरच्या मित्राकडे असा संच बसवतोय. तुम्हीही बसवलात आणि पहिल्याच दिवशी फरक १२० अंशांच्या आसपास दिसला, तर प्रोग्रॅम उघडू नका. वायरमनला विचारा, त्या घरात दुसरी फेज असणार.